मदत हवी आहे: रायफलने बसून नेम धरायला उंच बायपॉड (दोन पायांचा टेकू) की हलका ट्रायपॉड (तीन पायांचा)?

नमस्कार मंडळी, ऑक्टोबरात अमेरिकेत वायोमिंगला प्रॉन्गहॉर्नच्या (हरणासारखं जनावर) शिकारीला जायचंय, टॅग (शिकारीचा परवाना) हातात आहे. रायफल ३०८ विंचेस्टर, बोल्ट अ‍ॅक्शन, स्कोपसकट चारेक किलो. सध्या हॅरिस कंपनीचा ६ ते ९ इंची बायपॉड आहे, रेंजवर पालथं पडून मस्त चालतो, पण तिकडे सेजब्रश गुडघाभर उंच, पालथं पडलं की स्कोपमध्ये नुसती झुडपं. सॅकवर टेकवून बघितलं, उंची पुरत नाही. मित्राच्या दोन पायांच्या शूटिंग स्टिक्स बसून वापरल्या तर नळी बऱ्यापैकी स्थिर पण बट (रायफलचा मागचा भाग) खांद्यापाशी हलत राहतो आणि वारा सुटला की क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) जागेवर थांबतच नाही. रायफल पकडणारा क्लॅम्पवाला ट्रायपॉड एकदम पक्का वाटला, पण दिवसभर पायी हिंडायचंय, एवढं ओझं नको.

अंतर २००-२५० यार्ड धरा. जनावर जखमी होऊन पळालेलं मला अजिबात नकोय, त्यामुळे टेकू पक्का नसेल तर गोळी झाडणारच नाही. बजेट २०० डॉलर, वजन दीड किलोच्या आत, रायफलला रेल (टेकू जोडायची पट्टी) नाही, फक्त स्लिंगचा (खांद्याच्या पट्ट्याचा) स्टड आहे.

बसून मारणाऱ्यांनी सांगा, १३ ते २७ इंची बायपॉड घेऊ की हलका ट्रायपॉड, आणि बटला मागून आधार कशाचा देता?