मदत हवी आहे : फ्लॅट टॉप्समध्ये धनुष्यबाणाने एल्कची पहिली शिकार

मी कोलोरॅडोचा रहिवासी असून येत्या सप्टेंबरमध्ये राज्यातल्याच फ्लॅट टॉप्स या डोंगराळ भागाच्या जंगलात प्रथमच धनुष्यबाणाने एल्कची (सांबरासारख्या मोठ्या हरणाची) शिकार करणार आहे. हा परिसर मी अद्याप प्रत्यक्ष पाहिलेला नाही. शिकारी-प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि परवाना हाती आहे. माझ्या कंपाउंड (कप्प्या लावलेल्या) धनुष्याची ओढ, म्हणजे दोरी ताणायला लागणारा जोर, ६० पौंड आहे, राज्याने घातलेल्या ३५ पौंडांच्या किमान अटीपेक्षा बरीच जास्त. तरीही ३० यार्डांपलीकडे बाण सोडायचा नाही, हे पक्के आहे. जखमी जनावर रानात हरवणे मला मान्य नाही.

नकाशे व उपग्रहचित्रे पाहून उत्तर उतारावरची स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षांची दाट झाडी, तिच्या कडेची कुरणे आणि पाणवठे मी हेरून ठेवले आहेत. पहाटे वारा उताराने खाली वाहतो आणि ऊन तापल्यावर वर चढतो, हे धरून, माझा वास जनावरांपर्यंत जाणार नाही अशा वाटाही आखल्या आहेत. अडचण अशी की, कागदावर अशा जागा कितीतरी दिसतात आणि सगळ्या सारख्याच चांगल्या वाटतात.

मी एकटा असेन, घोडे किंवा वाटाड्या नसेल. मांस पाठीवरूनच आणायचे असल्याने आणि सप्टेंबरच्या उन्हात ते लवकर खराब होत असल्याने गाडीरस्त्यापासून दोन मैलांच्या आतच राहावे लागेल.

सालीवर शिंगे घासल्याच्या खुणा, ओली लेंडी आणि चिखलातल्या लोळणीचा उग्र वास यांपैकी कशावरून कळप आजही तिथेच आहे असे खात्रीने मानावे, आणि नराची हाळी ऐकू आली नाही तर किती वेळ थांबून पुढच्या जागेकडे वळावे?