स्ट्रॅटोस्फिअरमधून उडी: विज्ञान की नुसती जाहिरात?

टिळकवाडीकर (धागाकर्ता)
स्ट्रॅटोस्फिअरमधून, म्हणजे विमानांच्याही वरच्या विरळ हवेच्या थरातून, उडी मारणारा ऑस्ट्रियाचा फेलिक्स बाउमगार्टनर 17 जुलै 2025 ला इटलीत पॅराग्लायडिंग करताना गेला, तेव्हा बेळगावातल्या माझ्या ओळखीच्या अर्ध्या लोकांनी स्टेटसला ‘विज्ञानासाठी झेपावलेला वीर’ लावलं. वीर होता, मान्य. 14 ऑक्टोबर 2012 ला अमेरिकेत न्यू मेक्सिकोवर फुग्याला टांगलेल्या कॅप्सूलमधून 38,969 मीटरवरून उडी, ताशी 1,357 किलोमीटर वेग, सगळं खरं. पण विज्ञानासाठी? जिथे बघाल तिथे पैसे घालणाऱ्या रेड बुल या एनर्जी ड्रिंकचं नाव.

विज्ञान बघायचं तर अमेरिकी हवाई दलाचा जोसेफ (जो) किटिंजर बघा. विमानं फार उंच जायला लागली होती, पायलटला तिथून बाहेर पडावं लागलं तर तो जगेल का, हा अमेरिकी हवाई दलापुढचा खराखुरा प्रश्न होता. पुतळे टाकले तर गरागरा फिरायचे. मग 16 ऑगस्ट 1960 ला हा माणूस स्वतः फुग्यातून 31,300 मीटरवरून उडी मारून खाली आला. वर जाताना उजव्या हातमोज्यातला दाब गेला, हात सुजला, तरी मोहीम रद्द होईल म्हणून बराच वेळ खाली कळवलंच नाही. 2012 ला झालं ते 52 वर्षांपूर्वीच्या कामावर जाहिरातीचा शिक्का मारणं. माझं मत इतकंच.

येळ्ळूरचा_भाऊ
जाहिरात बघूलास की उडी? तुझे किटिंजरच त्या दिवशी 84 व्या वर्षी कंट्रोल रूममध्ये बसून फेलिक्सशी बोलत होते. त्यांना चाललं, तुला का खुपतंय? आपल्याकडं कुस्तीच्या मैदानाला साखर कारखान्याचा बॅनर लागतो, म्हणून पैलवान खोटा ठरतो काय?

टिळकवाडीकर
पैलवान खोटा नाही रे, पण बॅनरवाला वस्ताद नव्हे. अॅलन युस्टस हे नाव ऐकलंयस? तेव्हा गूगलमधला मोठा अधिकारी. 24 ऑक्टोबर 2014 ला कॅप्सूलसुद्धा नाही, नुसता सूट घालून फुग्याखाली लटकत 41,419 मीटरवर गेला आणि सुटला. गाजावाजा शून्य. उंचीचा विक्रम त्याचा. त्याचं स्टेटस कुणी ठेवलं?

सांबरा_निवृत्त
हवाई दलात नोकरी झाली, म्हणून थोडं बोलतो. तुम्ही दोघंही मुद्दा सोडून भांडताय.

किटिंजर आणि युस्टस दोघांकडे ड्रोग होता, म्हणजे पडताना अंग स्थिर ठेवणारं छोटं पॅराशूट. बाउमगार्टनर त्याच्याशिवाय पडला. त्याच्या सूटला ड्रोग होता, पण तो फिरकी हाताबाहेर गेली तरच आपोआप उघडणारा. तेवढ्या उंचीवर हवा जमिनीवरच्या एक टक्काही नसते, त्यामुळे हातपाय हलवून तोल सावरायला पकडच मिळत नाही. तो फिरायला लागलाही. हवा दाट झाली तसा स्वतःच सावरला. विमानाच्या जोराशिवाय, नुसतं पडता पडता माणूस आवाजाचा वेग ओलांडून टिकतो का, याचं उत्तर त्या दिवशी मिळालं. ते 1960 ला मिळालेलं नव्हतं. (तिथल्या थंडीत आवाजाचा वेगच कमी असतो, ताशी 1,100 किलोमीटरच्या आत. म्हणून 1,357 म्हणजे माक 1.25, आवाजाच्या वेगाच्या सव्वापट.)

आणि ड्रोग म्हणजे हमी नव्हे. नोव्हेंबर 1959 ला किटिंजर यांच्या गळ्याला त्याचीच दोरी आवळली, ते बेशुद्ध झाले. आपोआप उघडलेल्या राखीव पॅराशूटनं वाचवलं.

खानापूरची_मास्तरीण
काका, माहिती छान, पण माणूस वर न्यायचाच कशाला? सुमारे 19 किलोमीटरच्या वर सूट फाटला की अंगातलं पाणी उकळायला लागतं. 1962 ला रशियाचा प्योत्र दोल्गोव फुग्यातून उडी मारताना असाच गेला, हेल्मेटला तडा गेला म्हणून. खरं विज्ञानाचं काम हैदराबादमध्ये चालतं. टीआयएफआरचे, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे, फुगे माणसाशिवाय उपकरणं घेऊन वर जातात, काम झालं की उपकरणं पॅराशूटनं शेतात उतरतात. जानेवारी 2025 ला आपल्या बिदर जिल्ह्यात असाच एक उतरला, तर गावात घबराट. वर्गात त्यावर बोलायला घेतलं तर पोरांना फेलिक्स पाठ, टीआयएफआर कुणालाच ठाऊक नाही. राग याचा येतो.

येळ्ळूरचा_भाऊ
बाई, मग फेलिक्सचेच आभार माना की. त्याच्यामुळं पोरं निदान वर बघूलेत. विजयपत सिंघानिया 2005 ला मुंबईतून गरम हवेच्या फुग्यातनं 21 किलोमीटरवर गेले, जागतिक विक्रम. कॅमेरे कमी पडले म्हणून विसरलो आपण.

सांबरा_निवृत्त
मास्तरीणबाई, उपकरण कोसळलं तर नवं बनवता येतं, हे बरोबर. पण सूट माणसाला कसा सांभाळतो ते सूटमध्ये माणूस असल्याशिवाय कळत नाही. यावर आपलं जमणार नाही.

खानापूरची_मास्तरीण
नाहीच जमणार. एक विचारते, शाळेतून कॅमेरा लावून हवामानाचा छोटा फुगा सोडायचा म्हटलं तर?

सांबरा_निवृत्त
आधी सांबरा विमानतळावर जाऊन परवानगी कुणाकडून लागते ते विचारा, मगच हेलियमचा सिलिंडर आणा. आणि वारा पश्चिमेचा असेल त्या दिवशी फुगा तिकडे बैलहोंगलच्या बाजूला जाईल, आणायला जीप लागेल.

टिळकवाडीकर
जीप माझी. फुग्यावर बॅनर नको.