ट्रकआधी यादी हवी

एकाने लिहिलंय की कोकणात पूर आला तर मुंबईत मदत गोळा करणारे हात भरपूर आहेत, फक्त सरकारने ट्रक पुरवावेत. मला हे पटत नाही. 2021च्या जुलैत चिपळूण बुडालं तेव्हा आमच्या मंडळाचा हॉल जुन्या कपड्यांनी भरला होता. तिकडून फोनवर मागत होते फावडी, घमेली, गमबूट, फिनेल, कारण घराघरांत चिखल साचला होता. त्यातच बहादूरशेख नाक्याजवळचा वाशिष्ठीचा पूल खचला आणि महामार्ग बंद पडला. म्हणजे मदतीचा साठा नदीच्या दोन्ही तीरांना आधीच असायला हवा.

आपल्याकडे जाळं आहे, फक्त ते आपण वापरत नाही. लालबाग-परळमध्ये कोकणातल्या कितीतरी गावांची मंडळं आहेत, त्यांना गावातली वाडी न् वाडी ठाऊक असते. त्यांनी मे महिन्यातच तिथल्या बचत गटांशी बसून याद्या कराव्यात: गरोदर बाया, डायलिसिसवरचे पेशंट, होडी कोणाकडे आहे, उंचावरची शाळा कोणती, तिची किल्ली कोणाकडे.

हे उलट्या दिशेनेही चालायला हवं. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस पडला, तेव्हा अडकलेल्यांना खाऊपिऊ घातलं ते आजूबाजूच्या वस्त्यांनीच. पुन्हा तशी वेळ आली तर ठाणे, पनवेल, वसईतून कोण काय घेऊन निघणार, हे आज कोणी सांगू शकेल का? तुमच्यापैकी कोणी गावच्या मंडळात असाल तर या मे महिन्याच्या बैठकीत हा विषय घ्याच.