मदत हवी आहे: हजारो शेडरमधून (ग्राफिक्स कार्डावर चालणारे छोटे प्रोग्राम) बिघडलेला एक कसा शोधायचा?

नमस्कार मंडळी. लिनक्सवर प्रोटॉनमधून (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं साधन) एक जुना डायरेक्टएक्स ११ गेम खेळतोय. कार्ड एएमडीचं, ड्रायव्हर मेसा या मुक्त ग्राफिक्स ड्रायव्हर-संचामधला आरएडीव्ही. बाकी सगळं झकास, पण नदीकाठी गेलं की पाण्यावर काळे चौकोन लुकलुकतात. कॅमेरा खाली झुकवला की जास्तच.

मला समजलेला प्रवास असा: गेमचं डीएक्सबीसी (डायरेक्टएक्सचा कंपाइल केलेला शेडर कोड) डीएक्सव्हीके हा डायरेक्टएक्सचं व्हल्कनमध्ये भाषांतर करणारा थर घेतो, त्याचं स्पर-व्ही (व्हल्कनचं शेडर-रूप) करतो, मेसा ते एनआयआर या स्वतःच्या मधल्या रूपात आणतं आणि शेवटी एसीओ हा मेसातला कंपायलर कार्डाचा मशीन कोड बनवतो. आरएडीव्हीच्या डीबग पर्यायात एलएलव्हीएम हा दुसरा कंपायलर दिला, म्हणजे शेवटचा टप्पा एसीओऐवजी एलएलव्हीएमकडे गेला, तर चौकोन गायब! तरी लगेच एसीओवर खापर फोडायला मन धजत नाही. गेमच्याच शेडरमध्ये किंमत न दिलेला व्हेरिएबल असेल, तर एका कंपायलरमध्ये तो योगायोगाने निभावून जातो, दुसऱ्यात उघडा पडतो. शेडर कॅशे (आधी कंपाइल केलेल्या शेडरचा साठा) पुसून झाली, फरक शून्य.

आता गाडी अडलीय ती इथे. शेडर छापायला सांगितलं तर टर्मिनलवर नुसता पूर येतो. रेंडरडॉक या ग्राफिक्स डीबगरमध्ये फ्रेम पकडून पाण्याचा ड्रॉ कॉल (पाणी रेखाटण्याची आज्ञा) सापडला, पण त्या पिक्सेल शेडरचं स्पर-व्ही आणि एसीओचं आउटपुट शेजारी ठेवून कसं ताडायचं? मेसाकडे तक्रार नोंदवताना रेंडरडॉकचं कॅप्चर पुरतं की फॉसिलाइझची (शेडर आणि त्यांच्या सेटिंग साठवून ठेवणारं साधन) फाइलही जोडावी? कुणी हे केलं असेल तर जरा सविस्तर सांगा. ‘विंडोज टाक’ हा सल्ला घरातूनच रोज मिळतो.