नदीकाठच्या पहिल्या संस्कृती: 'सुपीक गाळ, मुबलक पाणी' एवढ्यावर भागते का?

(चर्चामंचावरचा धागा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

तळटीप

पाठ्यपुस्तकात एक ठरलेले वाक्य असते: नदीकाठी सुपीक गाळ आणि मुबलक पाणी होते, म्हणून पहिल्या संस्कृती तिथे उदयाला आल्या. सुमेर, इजिप्त, सिंधू आणि चीन यांचा एकत्र तक्ता मांडायला घेतला की हे वाक्य अपुरे पडते. दक्षिण इराकात, म्हणजे सुमेरात, वर्षाला २०० मिमीही पाऊस नाही. दगड नाही, धातू नाही, इमारती लाकूड नाही. शेती तर उत्तरेच्या आणि पूर्वेच्या झाग्रोस आणि तॉरस डोंगरांच्या पायथ्याला, पावसाच्या जोरावर, हजारो वर्षे आधीपासून चालू होती. मग इ.स.पू. ३५०० नंतर उरुकसारखे शहर खालच्या चिखलात का वाढले?

पोटप्रश्न असे: कालवे आधी की राजा आधी? सुमेरची जमीन क्षारपड झाली, कारण मैदानाला उतार नाही, असे वाचले आहे. मग इजिप्तची का झाली नाही? आणि सिंधूच्या खोऱ्यात एवढी शहरे, पण त्यांचे कालवे कुठे आहेत?

पाटकरी

तक्त्यात एक रकाना वाढवा: पूर कोणत्या महिन्यात, पेरणी कोणत्या महिन्यात. निम्मी उत्तरे तिथेच सापडतील.

नाईलचा पूर इथिओपियाच्या पठारावरच्या मोसमी पावसाचा. अस्वानला जूनअखेर पाणी चढू लागते, ऑगस्ट-सप्टेंबरात सर्वात वर जाते आणि ऑक्टोबरात ओसरते. गहू-जव पेरायचे ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात. म्हणजे नदी रान भिजवते, वर पोयट्याचा थर देते आणि ऐन वाफशाला, म्हणजे पेरणीजोगी ओल असताना, बाजूला होते. ही सरळसरळ गाळपेर आहे. माणसाने करायचे ते एवढेच, की पूरमैदानात मातीचे बांध घालून मोठे कप्पे पाडायचे, त्यांत मीटर-दीड मीटर पाणी ४० ते ६० दिवस कोंडायचे, आणि नदी उतरली की ते खालच्या कप्प्यात किंवा परत नदीत सोडून द्यायचे. पुढे धान्याला बहुतेक पाण्याची पाळी द्यावीच लागत नाही. काढणी मार्च-एप्रिलमध्ये. बांध लवकर फोडला तर ओल खोल जात नाही. उशिरा फोडला तर पेरणी मागे पडते आणि दाणा भरायच्या वेळी ऊन तापलेले असते. पूरच हात-दोन हात कमी आला तर उंचावरचे कप्पे कोरडे राहतात, आणि त्यावर काही उपाय नसतो.

टायग्रिस-युफ्रेटिसचे सगळे उलटे. तिथला पूर डोंगरातले बर्फ वितळल्याचा, एप्रिल-मेमधला. तेव्हा जव कापणीला आलेला असतो. पेरणीच्या वेळी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, नदी तळाला गेलेली. म्हणून वसंतात पूर थोपवणारे बांध आणि थंडीत पाणी आणणारे पाट, अशी दोन्ही कामे गळ्यात.

पाट काढणे मात्र सोपे. नदी गाळ टाकत टाकत स्वतःचे काठ आजूबाजूच्या रानापेक्षा उंच करते. काठाला बारे, म्हणजे पाणी सोडायची वाट, पाडले की पाणी आपसूक शेतात उतरते, उपसा करावा लागत नाही. पण तेच बारे पुरात नीट बुजवले नाही तर नदी तिथूनच फुटते, कधी पात्रच बदलते. त्यात गाळाची भर. पाटात पाण्याचा वेग मंदावला की गाळ बसतो, तो उपसून काठावर टाकायचा, पुन्हा पुढच्या वर्षी तेच. काही पिढ्यांत काठ इतके चढतात की उपसण्यापेक्षा शेजारून नवा पाट खणणे स्वस्त पडते. इराकच्या मैदानात जुन्या पाटांच्या समांतर वरंब्यांच्या रांगा हवाई छायाचित्रांत दिसतात, त्या यामुळेच.

पेरणीची रीतही किती काटेकोर होती ते पाहा. सुमेरमधल्या निप्पूरला मिळालेल्या, इ.स.पू. १७०० च्या आसपासच्या एका मातीच्या पाटीवर शेतकऱ्याला सूचना आहेत: एक निंदा, म्हणजे सुमारे ६ मीटर रुंदीत नांगराच्या ८ सऱ्या (दोन सऱ्यांत ७५ सेंमी अंतर), बी दोन बोटे खोल. पाण्याच्या पाळ्या पिकाच्या उंचीवर ठरवलेल्या. पीक जोमदार असेल तर चौथी पाळी द्यायची, तिने दहा मापांमागे एक माप जास्त उतरते. नांगराला बी सोडायचे चाडे बसवलेले चित्र मुद्रांवर आहे. मुठीने फेकून पेरण्यापेक्षा यात बी बरेच वाचते.

कुंभारमाती

पाटकरींशी सहमत, फक्त त्यातून "म्हणून राजा लागला" असा निष्कर्ष कोणी काढू नये. इतिहासकार कार्ल विटफोगेलने १९५७ मध्ये नेमके तेच मांडले होते: मोठे कालवे चालवायला नोकरशाही लागली आणि तिच्यातून निरंकुश राज्य जन्मले. पुढे पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट अ‍ॅडम्सने दक्षिण इराकातल्या वस्त्यांचे सर्वेक्षण केले तेव्हा क्रम उलटा निघाला. उरुक काळातल्या (इ.स.पू. चौथे सहस्रक) वस्त्या नदीच्या नैसर्गिक फाट्यांना धरून, लहान पाटांवर बसलेल्या. लांबच लांब सरळ कालवे नंतरचे, राज्य स्थिरावल्यावरचे. इजिप्तातही कप्प्यांची देखभाल बराच काळ गावपातळीवरच होती. इ.स.पू. ३१०० च्या सुमाराच्या 'विंचू राजा' या इजिप्तच्या आद्य राजाच्या गदेवर तो कुदळ घेऊन पाण्याकाठी उभा दिसतो, हे खरे. पण ते विधीचे चित्र आहे, पाटबंधारे खात्याचा पुरावा नव्हे.

मग शहर कशाने? माझ्या मते दलदलीने. उरुकच्या आसपास काही तासांच्या वाटेवर तीन वेगळी राने होती: काठावर जव आणि खजूर, खालच्या पाणथळीत मासे आणि बोरू, पलीकडच्या माळावर मेंढ्या. कोणा एका कुटुंबाला सगळे जमत नाही, पण देवाणघेवाणीला होडी आहे, आणि होडीतून धान्य नेणे गाढवावरून नेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. जे तिथे नव्हते (तांबे, दगड, लाकूड) तेही वरच्या अंगाने पाण्यावरूनच येणार, आणि बदल्यात द्यायला लोकरीचे कापड. एवढी आवकजावक झाली की हिशेब तोंडी राहत नाही.

त्याचा पुरावा मातीतच आहे. उरुकच्या आद्य पाट्या सुमारे ५,००० आहेत आणि त्यांतल्या बहुतेक निव्वळ नोंदवह्या: इतके धान्य, इतक्या मेंढ्या, इतकी माणसे. धान्य मोजायची अंकपद्धत वेगळी, नग मोजायची वेगळी, क्षेत्र मोजायची वेगळी. लेखनाची सुरुवात कवितेने नव्हे, गोदामाने झाली. त्याच थरांत साच्यातून काढलेल्या ओबडधोबड तिरक्या काठाच्या वाडग्यांचे ढीग सापडतात. ते शिध्याचे माप होते की पाव भाजायचा साचा, यावर वाद आहे. पण इतक्या संख्येने एकसारखे भांडे लागते ते अनेकांना एकाच ठिकाणाहून खायला घालायचे असेल तेव्हाच.

मूळ प्रश्नात एक दुरुस्ती. शहरे फक्त दक्षिणेत उभी राहिली असे नाही. उत्तर सीरियातले ब्राक पावसाच्या शेतीच्या पट्ट्यात आहे आणि इ.स.पू. चौथ्या सहस्रकाच्या पूर्वार्धातच ते मोठे झाले होते. दक्षिणेचे वैशिष्ट्य पहिले असण्यात नाही; तिथे शहरे दाटीने झाली आणि टिकली, यात आहे.

राजाचे पाण्याशी नाते जुळते ते भांडणातून. सुमेरची दोन शहरराज्ये घ्या: उम्मा वरच्या अंगाला, लगाश खालच्या. गु-एदिन नावाच्या कुरणपट्ट्यावरून आणि पाण्यावरून त्यांचे वैर पिढ्यान्‌पिढ्या चालले. लगाशचा राजा एन्मेतेना याने शेवटी टायग्रिसवरून स्वतंत्र कालवा आणला. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यात ५३ ते ५६ ही कलमे पाण्याचीच: स्वतःच्या बांधाची हयगय केली आणि तो फुटून शेजाऱ्यांचे पीक गेले तर धान्य भरून द्या, ऐपत नसेल तर माणूस आणि त्याची चीजवस्तू विकून पैसे वाटून घेतले जातील.

खारजमीन

क्षारांबद्दल. "उतार नाही म्हणून" हे कारण अर्धवट आहे. बगदाद समुद्रसपाटीपासून जेमतेम ३५ मीटरवर आणि तिथून आखात ५०० किलोमीटरपलीकडे, हे खरे. पण अस्वान ते कैरो हिशेब केला तर नाईलचा उतारही त्याच मापाचा निघतो. फरक निचऱ्याच्या दिशेत आहे. उन्हाळ्यात नाईल काठापासून कैक मीटर खाली जाते, तिच्याबरोबर भूजल खाली जाते, आणि पुढचा पूर वरचे क्षार धुऊन खाली नेतो. दर वर्षी आयती धुलाई. सुमेरात नदीच शेतापेक्षा उंच. शेतातले पाणी परत नदीत जाऊच शकत नाही, ते खोलगट भागात साचते.

आकडा मांडून पाहा. पिकाला पाटाने ५०० मिमी पाणी दिले तर हेक्टरी ५,००० घनमीटर झाले. पाण्यात लिटरला ०.४ ग्रॅम क्षार धरले, म्हणजे गोडेच पाणी, तरी हंगामाला हेक्टरी २ टन क्षार शेतात आले. पीक पाणी पिते, क्षार मागे ठेवते. जास्त पाणी देऊन ते खाली ढकलता येतात, पण त्यानेच भूजल चढते. ते दीड मीटरच्या आत आले की केशाकर्षणाने पाणी वर ओढले जाते आणि पांढरा थर पृष्ठभागावर येतो. म्हणून पाण्याची टंचाई संपवणारा नवा कालवा हाच रोगाचे मूळ ठरू शकतो.

सुमेरी शेतकऱ्याला उपाय माहीत होता: एक वर्ष पीक, एक वर्ष पड. पड रानात जवाशासारखी खोल मुळांची काटेरी झुडपे वाढतात, ती खालची ओल शोषून भूजल उतरवतात, आणि पुढच्या पाळीला क्षार खाली जायला जागा मिळते. मोडते कुठे, तर जास्त धान्याच्या मागणीपोटी पड बंद केली की.

यॉकबसन आणि अ‍ॅडम्स यांनी १९५८ मध्ये दिलेले आकडे सगळीकडे फिरतात: इ.स.पू. ३५०० ला गहू आणि जव साधारण सारखे, २५०० ला गहू एक षष्ठांश, २१०० ला २ टक्के, १७०० ला शून्य. सुमेरमधल्या गिरसूचे उत्पन्न २४०० ला हेक्टरी २,५३७ लिटर, २१०० ला १,४६० लिटर. दिशा पटण्याजोगी आहे, कारण जव गव्हापेक्षा क्षार जास्त सोसतो. पण मार्विन पॉवेलने १९८५ मध्ये मापांच्या रूपांतरावर आणि पाट्यांतल्या शब्दांच्या अर्थावर सडकून आक्षेप घेतले आहेत. तक्त्यात हे आकडे टाकणार असाल तर 'वादग्रस्त' अशी खूण करा.

तळटीप

महिन्यांचा रकाना वाढवला. आता सिंधूच्या ओळीत काय भरू? पूर पावसाळ्यात, पेरणी रब्बीला, म्हणजे इजिप्तसारखेच?

चौकोनी_वजन

सिंधूकाठापुरते बरोबर. पूर जून ते सप्टेंबर, पाणी ओसरल्यावर गहू-जव. पण त्या संस्कृतीची ओळ एका रकान्यात मावत नाही. गुजरातेत भर खरिपाच्या भरडधान्यांवर होता. हरियाणाकडे दोन्ही हंगाम. एक हंगाम बुडाला तरी दुसरा हाताशी, हे सुमेरला नव्हते. राजस्थानातल्या कालीबंगनला नांगरलेले शेत मिळाले आहे, इ.स.पू. २८०० च्या सुमाराचे: एका दिशेची तासे सुमारे ३० सेंमीवर, आडवी सुमारे १९० सेंमीवर. ही मिश्र पिकाची मांडणी समजली जाते.

कालव्यांबाबत: सिंधूच्या मैदानात तेव्हाची शेते मीटर-मीटर गाळाखाली आहेत. मोहेंजोदडोचे सर्वात खालचे थरही भूजलात बुडालेले असल्याने खणता आलेले नाहीत. त्यामुळे 'कालवे नव्हते' असे लिहू नका. अफगाणिस्तानच्या उत्तरेकडच्या ऑक्सस (अमू दर्या) खोऱ्यातल्या शोर्तुगाई या हडप्पा वस्तीजवळ कालव्याचे अवशेष आहेत.

जे ठळक दिसते ते शहरातले पाणी. मोहेंजोदडोत ७०० च्या आसपास विहिरी असाव्यात असा मिखाएल यान्सेनचा अंदाज आहे. विटा पाचरीच्या आकाराच्या: गोल रचल्या की बाहेरून मातीचा दाब जितका वाढतो तितक्या त्या एकमेकींत घट्ट बसतात. चौकोनी विटांची गोल विहीर फटी पडून आत ढासळते. बाकी बांधकामाच्या विटा ४:२:१ (लांबी, रुंदी, जाडी) प्रमाणात. कच्छमधले धोलावीरा तर मोठ्या नदीवर नाहीच. दोन हंगामी ओढ्यांवर बंधारे घालून दगडी तलाव भरलेले.

खारजमीन यांच्या मुद्द्याला जोड: १९३२ मध्ये सिंधूवर सक्करचा बंधारा झाला, सिंचन वाढले, भूजल चढले, आणि आज मोहेंजोदडोच्या विटांना तेच क्षार खात आहेत.

उत्तरायण

चीनची ओळ भरताना 'पीत नदी' एकटी लिहू नका. तिथली लोएस, म्हणजे वाऱ्याने वाहून आणलेल्या बारीक मातीवरची राळ्याची आणि वरीची शेती पावसावर होती. मोठे सिंचन फार उशिरा, झेंगगुओ कालवा इ.स.पू. २४६ चा. पाण्याचे जुने काम हवे असेल तर यांगत्सेच्या मुखाजवळचे लियांगझू घ्या, इ.स.पू. ३३०० ते २३००, भातशेती. शहराच्या वायव्येला ११ धरणांची साखळी, काहींचा गाभा गवतात गुंडाळलेल्या चिखलाच्या लाद्यांचा. गवतामुळे ओला चिखल पसरत नाही आणि लाद्या एकमेकींवर रचता येतात. लेखन मात्र नाही, सुटी चिन्हे तेवढी. कुंभारमातींचे गोदाम-आणि-लेखनाचे सूत्र या ओळीला लागू करता येणार नाही.