विभाजक, भाजक, अवयव: एकच की वेगळे?

लेकीच्या सहावीच्या गणितावरून घरात वाद पेटलाय. आमच्या सदाशिव पेठेचा पिनकोड ४११०३० देऊन तिला म्हटलं, याचे विभाजक काढ. आजोबा मध्येच म्हणाले, "सरळ भाजक म्हण की, 'वि' कशाला?" मी तर शाळेत 'अवयव'च म्हणायचे. तिन्ही एकच ना?

— नाही हो ताई. 'भाजक' ही भागाकारातली जागा आहे. ज्याला भागायचं तो भाज्य, ज्याने भागायचं तो भाजक. ४११०३० ला ७ ने भागायला घेतलंत की ७ भाजक झालाच, मग बाकी ४ का उरेना. विभाजक व्हायचं तर भाग निःशेष जायला हवा. म्हणजे ७ इथे भाजक आहे, विभाजक नाही.

'अवयव' ही तीच गोष्ट गुणाकाराच्या बाजूने. १८ × २२८३५ = ४११०३०, म्हणून दोन्ही अवयव, आणि दोन्ही विभाजकही. गोंधळ होतो तो मूळ अवयव पाडताना: २ × ३ × ३ × ५ × ४५६७. इथे ३ दोनदा लिहावाच लागतो, विभाजकांच्या यादीत तो एकदाच येतो. मूळ अवयव पाच, विभाजक मात्र २४! (४५६७ मूळ संख्या आहे. ६७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं, चहा गार झाला.)

— आजोबांना एवढ्यात हरवू नका. मसाविला, म्हणजे सर्वांत मोठ्या सामाईक विभाजकाला, जुन्या पुस्तकांत 'दृढभाजक' म्हणत, त्यात 'वि' नाहीच. भास्कराचार्यांच्या कुट्टकातही (समीकरणांची पूर्णांकी उत्तरं काढायची रीत) सामाईक भाजकाने भागून उरलेल्या भाज्य-हारांना (हार म्हणजे भाजक) 'दृढ' म्हटलंय. आजोबांच्या कानाला 'भाजक'च ओळखीचा असणार.

— मग लसावितला 'वि' विभाजकाचाच का?

— तिथेच पोरं फसतात. मसावि म्हणजे महत्तम सामाईक विभाजक, लसावि म्हणजे लघुतम सामाईक विभाज्य. अक्षर एक, अर्थ उलटे. माझ्या मते लघुरूपं पाठ करून घेण्याआधी एकदा तरी पूर्ण नाव फळ्यावर लिहावं.

— जाता जाता: ४+१+१+०+३+० = ९, आणि ९ ने भाग जातो. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला गणितज्ञ द. रा. कापरेकरांनी 'हर्षद' म्हटलं, हर्ष देणारी. देवळालीच्या शाळेतले मास्तर, शिकले आपल्या फर्ग्युसनमध्ये.

— बघा, पेठेचा पिनकोडसुद्धा हर्षद! कोथरूडचं काय?

— ४११०३८. बेरीज १७, भागून बाकी १२. पण मिशीला पीळ देऊ नका. अंकांची बेरीज ९ आली की ९ ने भाग जातोच, त्यात पेठेचं कर्तृत्व काही नाही.

— कोथरूडकर आहे. बाकी १२ मान्य, पण आमच्याकडे पार्किंग मिळतं.