आलं, लिंबू आणि 'पाच आठवडे'

मध्यरात्रीचा_दिवा:

'उंबरठा' यांनी परवा मळमळीवर लिहिलेलं दोन दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा वेगळा धागा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आल्याचा तुकडा, लिंबाचा वास, थोडं थोडं खाणं आणि मोकळी हवा, एवढ्यावर कुठलीही मळमळ जाते, "पाच दिवस लागोत की पाच आठवडे, धीर धरा, पण गोळीच्या नादी लागू नका."

आलं-लिंबाला माझी हरकत नाही. ते पाच आठवडे मात्र मागे घ्या.

माझ्या वडिलांच्या बाबतीत आम्ही नऊ आठवडे काढले. सुरुवातीला फक्त सकाळी दात घासताना उमासे यायचे. मग तेल तापल्याचा वास नकोसा झाला, मग जेवणाचाच. शर्टाच्या खिशात कायम एक लिंबू असायचं. दर थोड्या वेळाने काढायचे, नखाने साल खरवडायची, नाकाशी धरायचं, डोळे मिटायचे. रात्री शर्ट धुवायला घेताना ते लिंबू हाती यायचं आणि सालीवर नखांच्या खुणाच खुणा. आम्ही म्हणत राहिलो, पित्त वाढलंय. पुढे तोंडाला लोखंडासारखी चव, अंगाला खाज, पायांवर सूज. तेव्हा कुठे रक्त तपासलं. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं रक्तातून गाळून टाकतात तो कचरा, ९ च्या वर. मूत्रपिंडं जवळपास संपलेली.

लिंबाने त्यांना बरं वाटायचं, हे अगदी खरं. बरं वाटायचं म्हणूनच तर आम्ही थांबलो.

मळमळ पोटातच सुरू होते असं नाही. मेंदूच्या तळाशी एक लहानशी जागा आहे, तिथे रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर विरळ असतो. रक्तात नको ते साचलं की तिथे कळतं आणि माणसाला ढवळायला लागतं. मूत्रपिंड, यकृत, वाढलेली साखर, वाढलेलं कॅल्शियम, रोजची एखादी गोळी, यातलं काहीही त्यामागे असू शकतं. आल्याने त्याची जाणीव बोथट होईल. कारण तिथेच राहील.

उंबरठा:

तुमच्या वडिलांबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण एका घरात झालं म्हणून घरगुती उपायच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नका.

मी गोळीच्या विरोधात का आहे, तेही ऐका. तिशीत असताना आठवडाभर मळमळत होतं. डॉक्टरांनी दोन मिनिटांत मेटोक्लोप्रमाइड लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जबडा आवळला, मान एका बाजूला वळली ती सरळ होईना. बोलता येईना. घरच्यांना वाटलं अर्धांगवायू. एका इंजेक्शनने उतरलं, पण ते तीन तास मी विसरलेलो नाही. गोळी देताना असं होऊ शकतं हे कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून आलं चघळतो, आणि आजवर त्याने माझी मान वाकडी केलेली नाही. तुम्ही मला गैरजबाबदार ठरवताय, त्या दोन मिनिटांत गोळी लिहिणाऱ्याला कोण विचारणार?

सुईदोरा:

वॉर्डात परिचारिका म्हणून अनेक वर्षं काढली आहेत, म्हणून मध्ये पडते.

उंबरठा, तुम्हाला झालं ते त्या औषधाचं माहीत असलेलं दुखणं आहे, तरुणांत जास्त दिसतं. युरोपच्या औषध नियामकाने २०१३ साली त्यावर बंधनं घातली: जास्तीत जास्त पाच दिवस, दिवसाला ३० मिलिग्रॅमच्या वर नाही. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, यात वादच नाही. पण एका औषधाने मार दिला म्हणून तपासणीच नको, हे कसं? तपासणी म्हणजे गोळी नव्हे.

आता आल्याबद्दल. आल्याचा उपयोग होतो, विशेषतः गरोदरपणातल्या मळमळीवर. उलट्यांवर तेवढा नाही. अभ्यासांत बहुतेक वेळा दिवसाला साधारण १ ग्रॅम सुंठ तीन-चार वेळांत विभागून दिलेली असते. बचकभर आलं वाटून रिकाम्या पोटी प्यायलं तर छातीत जळजळ होते आणि मळमळ वाढते, हे मी पाहिलंय. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर आल्याचा मारा नको. पुदिनाही सगळ्यांना चालतोच असं नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथली झडप त्याने सैलावते. ज्यांची मळमळ आम्लामुळे आहे त्यांना तो उलट त्रास देतो.

आणि वासाबद्दल एक. इंजेक्शनआधी पुसायला स्पिरिटचा बोळा असतो ना, तो नाकाजवळ धरून दीर्घ श्वास घ्यायला सांगायचो. आम्ही ते जुन्या बायकांकडून शिकलो होतो. पुढे तातडीच्या विभागांत यावर रीतसर चाचण्या झाल्या आणि पहिल्या अर्ध्या तासात त्या वासाने ऑन्डान्सेट्रॉन या उलटीवरच्या गोळीपेक्षा जास्त आराम पडला. तेव्हा घरगुती म्हणून कोणी हसू नये. पण तो आराम थोड्या वेळाचा, हेही तितकंच खरं.

रानजाई:

"थोडं थोडं खा, आलं चघळ." हे वाक्य मी गरोदरपणात इतक्या जणांकडून ऐकलंय की आजही आल्याचा वास आला तरी पोटात गोळा येतो.

माझं वजन ५८ वरून ५१ वर आलं. पाण्याचा घोट खाली उतरत नव्हता. उशाशी भांडं, त्यात नुसतं हिरवट पाणी, आणि शेजारी बसलेली प्रत्येक बाई सांगायची, "आम्हालाही झालं होतं गं." नाही झालं तुम्हाला. सकाळची मळमळ बहुतेक गरोदर बायकांना होते. गरोदर होण्याआधीच्या वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त वजन गेलं, लघवीत कीटोन (उपाशी शरीर चरबी जाळायला लागल्याची खूण) आले, की तो निराळा आजार असतो, त्याला सलाइन लागतं. मला कोणी विचारलं नाही की दिवसात लघवीला किती वेळा जातेस. एकदा. गडद पिवळी. तेवढा एक प्रश्न विचारला असता तरी तीन आठवडे वाचले असते.

'मनाचे खेळ' म्हणणाऱ्यांसाठी: डिसेंबर २०२३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलंय की गर्भाकडून येणारं जीडीएफ१५ नावाचं संप्रेरक आणि आईच्या शरीराला आधी असलेली त्याची सवय यावर ही मळमळ बरीच ठरते. आधी ज्यांच्या रक्तात ते कमी असतं, त्यांना जास्त त्रास. मी लाडावलेली नव्हते.

कडेकपारी:

ताई, त्रास झाला मान्य. पण गरोदर बाईने औषधाला हात लावू नये, यावर मी ठाम आहे. थॅलिडोमाइड विसरलात का? १९५७ मध्ये बाजारात आलं, मळमळीवर सुरक्षित म्हणून गरोदर बायकांना दिलं, आणि १९६१ मध्ये मागे घेईपर्यंत हजारो मुलं हात-पाय अर्धवट घेऊन जन्मली. त्यापेक्षा चार महिने कळ काढलेली बरी.

रानजाई:

कळ कोणी काढायची? तुम्ही?

थॅलिडोमाइडचा धाक दाखवून मला सलाइनपासूनही लांब ठेवलं होतं. मीठ-साखर-पाण्यापासून. तुमच्यासारखं ठामपणे बोलणारे माझ्या घरातच होते.

मध्यरात्रीचा_दिवा:

कडेकपारी, अर्धीच गोष्ट सांगताय. उरलेली बेंडेक्टिनची आहे. बी६ जीवनसत्त्व आणि डॉक्सिलअमीन यांची ती गोळी १९५६ पासून गरोदर बायका घेत होत्या. थॅलिडोमाइडच्या धसक्यानंतर हिच्यावरही खटल्यांची रांग लागली आणि १९८३ मध्ये कंपनीने अमेरिकेत ती बंद केली. गोळी गेली, पण जन्मजात दोषांचं प्रमाण काही उतरलं नाही. वाढल्या त्या उलट्यांमुळे रुग्णालयात भरती होणाऱ्या बायका. तेच मिश्रण अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, २०१३ मध्ये पुन्हा मंजूर केलं. तीस वर्षं बायकांनी विनाकारण भोगलं.

कडेकपारी:

तुम्हाला तारखा पाठ आहेत म्हणून मी घाबरणं सोडणार नाही. माझ्या बहिणीला तिसऱ्या महिन्यात कुठलीशी गोळी दिली आणि बाळ राहिलं नाही. गोळीमुळेच, असं कोणी म्हणालं नाही. पण गोळीमुळे नाही, असंही छातीठोकपणे कोणी म्हणालं नाही.

सुईदोरा:

बहिणीचं ऐकून फार वाईट वाटलं. तुमची भीती खोटी म्हणत नाही. पण पाणी पोटात न राहणं हासुद्धा बाळासाठी धोकाच असतो, आणि आईसाठी तर फारच. आठवडेच्या आठवडे उलट्या झाल्या की शरीरातलं थायमिन, म्हणजे बी१ जीवनसत्त्व, संपतं. मग ग्लुकोज लावण्याआधी थायमिन द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला इजा होते. कळ काढण्याचीही किंमत असते, ती कोणी मोजत नाही एवढंच.

कडेकपारी:

थायमिनचं माहीत नव्हतं. सलाइनला माझा विरोध नव्हताच, तो मला चिकटवू नका. गोळीबद्दल मात्र डॉक्टर लेखी देतील तरच.

पाऊलवाट:

गरोदरपणावर इतकं बोलणं झालं की मूळ धागा हरवला. माझं वय ४६, पुरुष, सात आठवडे मळमळ. उलटी नाही. उंबरठांचं वाचून आलं-लिंबू सुरू केलं होतं. थोडं बरं वाटतं. मी थांबू की जाऊ?

सुईदोरा:

जा. आणि जाण्याआधी रोजच्या सगळ्या गोळ्या एका कागदावर लिहा, कधी घेता आणि कशानंतर घेता तेही. गेल्या तीन महिन्यांत नवीन काय सुरू झालं, कशाचा डोस वाढला?

पाऊलवाट:

मधुमेहाची गोळी, मेटफॉर्मिन. दोन महिन्यांपूर्वी दुप्पट केली. सकाळी उठल्या उठल्या घेतो, म्हणजे विसरत नाही. शिवाय पाठदुखीची गोळी लागेल तशी.

सुईदोरा:

बघा, हे आधी सांगायला हवं होतंत. मेटफॉर्मिन रिकाम्या पोटी घेतली की अनेकांना ढवळतं, जेवणाबरोबर घेतात ती. हळूहळू विरघळणारा प्रकारही मिळतो. पण मनाने बंद करू नका, साखर चढेल. पाठदुखीच्या गोळ्या जठराच्या अस्तराला सोलतात, त्याबद्दलही विचारा. आणि मूत्रपिंडाची तपासणी मागून घ्या. या दोन्ही गोळ्यांच्या बाबतीत ती लागतेच.

ओलीमाती:

केमोच्या सहा फेऱ्या काढल्या आहेत, तेव्हा मळमळीबद्दल बोलायचा थोडा हक्क समजते. दिवा, तुम्ही बरोबर आहात, पण तुमचा पहिला प्रतिसाद वाचून एखादी बाई घरातलं आलं फेकून देईल, असं लिहू नका. मला ऑन्डान्सेट्रॉन होतंच, ते नसतं तर मी तिसऱ्या फेरीलाच सोडून दिलं असतं. पण गोळी आणि गोळी यांच्या मधले जे तास असतात ना, ते घरानेच काढून दिले. गरम जेवणाला वास येतो, गारला येत नाही; म्हणून सगळं गार करून खायचे. स्टीलच्या चमच्याची चव तोंडात पसरायची, लाकडी चमचा घेतला. पोट रिकामं पडलं की ढवळ वाढते, म्हणून उशाशी दोन कोरडी बिस्किटं, उठण्याआधी एक. जेवताना पाणी नाही, मधल्या वेळात घोट घोट. काही राहत नसे तेव्हा बर्फाचा खडा. मनगटाच्या आतल्या घडीपासून तीन बोटं कोपराकडे, दोन कंडरांमध्ये (हाताला लागणाऱ्या दोन ताठ दोऱ्यांमध्ये) दाबून धरायचं. त्याने किती फरक पडला माहीत नाही, पण हाताला काम मिळायचं. आणि जेवल्यावर आडवं व्हायचं नाही.

रुग्णालयाच्या पार्किंगमध्ये शिरलं की सुईआधीच उमासे यायचे. तिथे गोळी चालली नाही. बहिणीने गाडीत बसल्या बसल्या माझी शाळेची उजळणी घ्यायला सुरुवात केली, तेराचा पाढा, सतराचा पाढा. त्याने भागलं.

मध्यरात्रीचा_दिवा:

आलं फेका असं मी म्हटलेलं नाही. पण सूर तसा लागला असेल तर माझी चूक. नऊ आठवड्यांचा राग आहे तो, आणि त्यातला बराचसा स्वतःवरचा.

उंबरठा:

मूळ लेखातलं "पाच आठवडे" काढलं. तिथे आता असं लिहिलंय: दोन आठवड्यांत गेली नाही तर कारण शोधा. त्याआधीही वजन उतरत असेल, डोळे पिवळे दिसत असतील, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखं काळं पडत असेल, दिवसभरात पाणी राहत नसेल, छातीत दुखून घाम येत असेल किंवा डोकं फुटायला आलं असेल, तर त्याच दिवशी जा. छातीत दुखून घाम आला तर तासभरही थांबू नका. सुईदोरा यांनी हे शब्द व्यक्तिगत निरोपातून पाठवले, त्यांचे आभार.

"गोळीच्या नादी लागू नका" हे वाक्य काढणार नाही. त्याच्यापुढे "न विचारता" एवढं जोडतो. माझ्या मानेचं काय झालं ते मला माहीत आहे.

रानजाई:

त्यात गरोदर बायकांसाठी एक ओळ घाला. दोन आठवडे नका लिहू तिथे. आठ तास लघवी झाली नाही तर, असं लिहा. तासांत लिहा.

उंबरठा:

घातली.

पाऊलवाट:

गोळी काल रात्री जेवणाबरोबर घेतली. आज सकाळी दात घासताना काही झालं नाही, पण एका सकाळीवरून काही ठरवत नाही. रक्त द्यायला उद्याची वेळ घेतली आहे, क्रिएटिनिनसकट. दिवा, तुमच्या वडिलांचं आता कसं आहे?

मध्यरात्रीचा_दिवा:

आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मळमळ गेली. लिंबू अजून खिशात असतं.